वागाडुगू आणि आमचा कापूस

तालुक्यात शालेय प्रश्नमंजूषा लागली की मुलांना तयार करून घेऊन जाण्याचं काम कोणा तरी शिक्षकाच्या गळ्यात पडतं. ते माझ्या गळ्यात पडू नये म्हणून मी कित्येक वर्षं खटपट केली. कामाचा कंटाळा हे त्याचं कारण नव्हतं. प्रश्नमंजूषा हा प्रकारच मुलांच्या शिक्षणाला मारक आहे असं माझं ठाम मत होतं, आणि ते मी बैठकांत, प्रशिक्षणांत, मुख्याध्यापकांसमोरही बोलून दाखवत असे. आज मी चोपडा तालुक्यातल्या काही शाळांच्या साखळी प्रश्नमंजूषेसाठी प्रश्न काढते, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन बसते आणि शेजारच्या तालुक्यांतल्या शिक्षकांना फोन करकरून यात ओढते. हा बदल कसा झाला, असं सहकारी विचारतात. चालता चालता सांगण्यासारखं ते नाही, म्हणून लिहिते.

आधी माझा विरोध नीट मांडते, कारण तो मला आजही पोकळ वाटत नाही. मी विज्ञान शिकवते. नोकरीच्या सुरुवातीला प्रा. यशपाल यांच्या समितीचा १९९३चा अहवाल हाती आला आणि त्याने माझी शिकवण्याची दिशाच ठरवली. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचं ओझं मुलांना जास्त जड होतं, हे त्या अहवालाचं म्हणणं मी मनात कोरून ठेवलं. पुढे २००५चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. २०१५ साली राज्यात 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झालं, ज्ञानरचनावाद हा शब्द शाळाशाळांत पोचला. माहिती म्हणजे ज्ञान नव्हे, हे प्रत्येक प्रशिक्षणात ऐकू यायचं आणि मी मान डोलवायचे. मुलाने प्रयोग करावा, चुकावं, स्वतः शोधावं. गोष्टी पाठ कशाला करायच्या? त्यात हातोहात मोबाइल आले. आता तर राजधान्या आणि चलनं पाठ करणं म्हणजे वेळेची निव्वळ नासाडी, असं मला वाटे.

आणि समोर जे दिसायचं त्यानेही माझं मत पक्कंच होत गेलं. विज्ञान प्रदर्शनाला जोडून किंवा एखाद्या जयंतीच्या निमित्ताने स्पर्धा लागायची. पत्र उशिरा यायचं. वर्गातली दोन हुशार मुलं निवडायची, त्यांच्या हातात स्पर्धा परीक्षेचं गाइड द्यायचं, आठवडाभर त्यांना तासांना सूट. बाकीच्या वर्गाचा या सगळ्याशी संबंध काय, तर टाळ्या वाजवण्यापुरता. स्पर्धेच्या दिवशी सकाळी एसटीने यायचं. अडावद, धानोरा, लासूर, चहार्डी, हातेड अशा गावांहून मुलं धुतलेले गणवेश घालून यायची, पहिल्याच फेरीत अर्धे संघ बाद व्हायचे आणि मग संध्याकाळच्या गाडीपर्यंत खुर्च्यांवर बसून राहायचे. आश्रमशाळेतली पावरा मुलं तर प्रश्न मराठीत ऐकून, मनात पावरीत फिरवून उत्तरापर्यंत येईतो दुसऱ्या संघाची घंटी वाजलेली असायची. यातून कोण काय शिकलं, असं मी विचारायचे तेव्हा त्यावर उत्तर द्यायला कोणाकडे काही नसायचं.

माझं एक ठेवणीतलं उदाहरण होतं. बुर्किना फासोची राजधानी कोणती? वागाडुगू. आता चोपड्याच्या पोराला या वागाडुगूचं काय करायचंय? बैठकीत हे म्हटलं की सगळे पटलं म्हणून मान हलवत.

एकदा हेच उदाहरण मी नववीच्या वर्गात दिलं. लासूरकडचा एक मुलगा, घरी कापूस आणि थोडी केळी, वर्गात फारसा न बोलणारा. त्याने विचारलं, "पण मॅडम, त्या देशात पिकतं काय?" मला माहीत नव्हतं. उद्या सांगते म्हटलं आणि घरी येऊन शोधलं. बुर्किना फासोत पिकतो तो कापूस. पश्चिम आफ्रिकेतल्या मोठ्या कापूसउत्पादक देशांपैकी तो एक. बेनिन, चाड आणि माली यांच्यासोबत या देशाने २००३ साली जागतिक व्यापार संघटनेत गाऱ्हाणं मांडलं होतं, की अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना जे अनुदान देते त्याने जगातला भाव पडतो आणि आमचा शेतकरी मरतो. २००८ साली तिथे बीटी कापूस आला. आपल्याकडे २००२ साली आला होता. तिथे बोंडअळी आटोक्यात आली, पण धागा आखूड भरू लागला. त्यांच्या कापसाचं नावच मुळी लांब धाग्यासाठी होतं, त्यामुळे भाव उतरला आणि २०१६च्या सुमारास त्यांनी बीटी सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी हे वर्गात सांगितलं तेव्हा तो तास विज्ञानाचा राहिला नाही. धाग्याची लांबी म्हणजे काय हे मला सांगावं लागलं नाही. जिनिंगवर बापाबरोबर गेलेल्या मुलांनीच ते मला सांगितलं. व्यापारी कापूस बोटांत धरून कसा ओढून बघतो, ओला असला की भावात कशी कट लावतो, हे सगळं बाहेर आलं. आमच्याकडे ठिबकवर मे महिन्यातच सरकी लावतात, मग ते लोक कधी लावत असतील? तिथे पाऊस कधी पडतो? जगाचा नकाशा भिंतीवरून काढून बाकावर पसरला. आठवड्याच्या बाजाराला त्या मुलाचे वडील भेटले. पोराने घरी सगळं सांगितलेलं होतं. ते म्हणाले, "म्हंजे त्या बी आपलामायकच शेतस!"

ही गोष्ट मी बरेच दिवस मनात घोळवत होते. शोधून काढावं, विचार करावा, जोडून पाहावं, हे मला जे हवं होतं ते सगळं त्या तासाला घडलं. पण त्याची सुरुवात कुठून झाली? मी ज्याची हेटाळणी करत होते त्या एका नावापासून. नाव कानावर पडलंच नसतं तर त्या मुलाला प्रश्न पडला नसता. मोबाइलवर सगळं सापडतं हे खरं आहे, पण काय शोधायचं हे मोबाइल सांगत नाही. ज्याला बुर्किना फासो नावाचा देश आहे हेच ठाऊक नाही तो तिथल्या कापसाचा शोध कशाला घेईल?

एका तासावरून मत बदलत नाही, बदलू नये. दुसरी गोष्ट तापीच्या निमित्ताने घडली. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत दगडगोटे आणि जाड वाळूचा एक पट्टा आहे, त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून येणारं पाणी तिथे झपाट्याने मुरतं आणि खालच्या सगळ्या केळीच्या बागांच्या विहिरी त्यावर जगत आल्या. आता उपसा एवढा झाला आहे की कूपनलिका दरवर्षी खोल खोल चालल्या आहेत. म्हणून तापीचं पुराचं पाणी कालव्याने आणून या पट्ट्यात मुरवायची महाकाय पुनर्भरण योजना वर्षानुवर्षं चर्चेत आहे. त्यासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये करारही झाला. करार व्हायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. या योजनेवरची बातमी मी वर्गात वाचायला दिली. खणखणीत वाचणाऱ्या मुलांनी ती घडाघडा वाचली, आणि मग बातमीत काय आहे असं विचारल्यावर गप्प झाली. मध्य प्रदेशचा यात काय संबंध, हेच त्यांना उलगडेना. ज्या मुलीने ते उलगडून सांगितलं ती वाचताना अडखळणारी होती. पण तापी बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावते, ७२४ किलोमीटर वाहते, मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गुजरातमधून जाऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते, हे तिला पाठ होतं. नदी तिकडून येते, तर पाण्याचा वाटा त्यांना विचारूनच घ्यावा लागणार, एवढं तिने सरळ ताडलं. आणि हे पाठ कुठे झालं होतं, तर माझ्या विरोधाला न जुमानता दुसऱ्या शिक्षकांनी तिला ज्या प्रश्नमंजूषेला नेलं होतं तिच्या तयारीत.

नंतर एका प्रशिक्षणातून कळलं की याच गोष्टीचा अभ्यास झालेला आहे. १९८८ साली अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि मग लाकडी खेळाडू मैदानाच्या नमुन्यावर हलवून तो डाव पुन्हा मांडायला सांगितला. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा कितीतरी सरस ठरली. समजणं हे नुसतं कौशल्य नाही, आधी काहीतरी ठाऊक असावं लागतं. यशपालांच्या अहवालातलं न समजण्याचं ओझं मी इतकी वर्षं मिरवत होते. ते ओझं हलकं करणारी वस्तूच मी 'नुसती माहिती' म्हणून दाराबाहेर ठेवत होते. आणि यशपालांनी स्वतः काय केलं? दूरदर्शनवर 'टर्निंग पॉइंट'मध्ये देशभरातल्या मुलांचे प्रश्न घेऊन त्यांना उत्तरं दिली. आकाश निळं का, पासून सगळे. मला त्यांचा अहवाल पाठ होता, पण त्यांचं हे काम मी त्याच्याशी जोडूनच पाहिलं नव्हतं.

आठवण्याबद्दलही माझं मत बदललं. वाटायचं की विचारणं म्हणजे केवळ मोजणं, शिकणं आधी होऊन गेलेलं असतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिलं की एखादा उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, एकदा वाचून तो स्वतःच आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतो. पाच मिनिटांनी विचारलं तर उलट दिसतं, म्हणून तर आपण फसतो. विचारणं हेही शिकवणंच आहे. आमच्या खानदेशाला हे सांगायला परदेशी अभ्यासाची गरज पडायला नको होती. चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात १२०७चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, असं त्यात कोरलेलं आहे. त्या मठात शिकवली गेली असेल ती 'लीलावती' म्हणजे आहे तरी काय? वाऱ्याने मोडलेला बांबू, त्याचं टोक बुंध्यापासून १६ हातांवर टेकलं, बांबू ३२ हात लांब, तर तो कुठे मोडला? पानोपानी असे प्रश्न. मी हा प्रश्न पहिल्या फेरीला ठेवते. मुलं कागदावर त्रिकोण काढतात आणि १२ हात हे उत्तर आलं की एकमेकांकडे बघतात.

अमळनेर आमच्यापासून तापीच्या पुलापलीकडे आहे. प्रताप हायस्कूलमध्ये शिकवताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढत. जगात काय चाललंय ते मुलांना रोज कळावं ही त्यांची तळमळ होती. नुसत्या माहितीला तुच्छ लेखणारा माणूस रोज पहाटे उठून हे लिहीत बसला नसता. मुलांवर माया असलेला माणूस त्यांना जगाची खबर देतो, हे मला गुरुजींच्या त्या दैनिकाकडे पाहून पटलं.

आता स्पर्धेबद्दल. प्रश्नमंजूषा आपल्याकडे इंग्रजीच्या अंगणात वाढली. नील ओब्रायन यांनी १९६७ साली कलकत्त्यात पहिली खुली स्पर्धा घेतली, १९८५ साली सिद्धार्थ बसूंचं 'क्विझ टाइम' दूरदर्शनवर आलं, शाळांसाठीच्या बड्या कंपन्यांच्या स्पर्धा मोठ्या शहरांत इंग्रजीतून होत राहिल्या. गावात हा खेळ पोचला तो ३ जुलै २००० पासून, 'कौन बनेगा करोडपती'मुळे. आणि २०१९ साली अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई, तिथे एक कोटी जिंकल्या, तेव्हा आमच्या शाळेत आहार शिजवणाऱ्या ताया आठवडाभर दुसरं काही बोलत नव्हत्या. त्यांच्यातल्या एकीने तेव्हापासून वर्तमानपत्र मागून न्यायला सुरुवात केली. जाणकारीला चारचौघांत मान मिळतो हे दिसणं फार मोठी गोष्ट आहे. कबड्डीत चढाई करणाऱ्या पोराला गाव ओळखतं. वाचणाऱ्या पोराला कोण ओळखतं? मेरिट लागल्यावर एक दिवस फ्लेक्सवर फोटो, बस. शनिवारी दुपारी भरल्या वर्गासमोर उत्तर देणाऱ्या मुलीकडे तिच्याच वर्गातली मुलं ज्या नजरेने बघतात, ती मी वीस गुणांच्या चाचणीनंतर कधी पाहिली नाही.

पण माझ्या जुन्या तक्रारी मी सोडलेल्या नाहीत, उलट त्यांच्यामुळेच आमची स्पर्धा वेगळी झाली. बाद पद्धत आम्ही बंद केली. कबड्डीसारखीच साखळी ठेवली: प्रत्येक शाळा प्रत्येक शाळेशी खेळणार, हरली तरी पुढच्या वेळी येणार. सामने आळीपाळीने प्रत्येक शाळेत होतात, म्हणजे वैजापूरकडच्या मुलांनीच दर वेळी लवकर उठून गाडी धरायची असं होत नाही. चोपड्याची मुलंही सातपुड्याच्या पायथ्याशी जातात. संघ दर वेळी बदलतो, दोनच हुशारांची मक्तेदारी नाही. घंटी वाजवण्याआधी दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं, कारण पावरी किंवा अहिराणी घरातून आलेल्या मुलाला तेवढा अवकाश मिळायला हवा. ही दहा सेकंदं काही सहकाऱ्यांना खटकतात, खेळातली गंमत जाते म्हणतात. मला ती गंमत नको.

आणि हरकतीचा नियम. उत्तर चूक ठरवलं आणि मुलाला पटलं नाही, तर त्याने उभं राहून कारण सांगायचं. गाइडांमध्ये चुका फार आहेत. हॉकी हा भारताचा राष्ट्रीय खेळ, असं कित्येक पुस्तकांत अजून छापलेलं आहे, वास्तविक क्रीडा मंत्रालयाने २०१२ सालीच माहिती अधिकारात कळवलं होतं की कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेला नाही. एका सामन्यात प्रश्न होता, केळीची लागवड कोणत्या भागापासून करतात? मुलगी म्हणाली, कंद. चिठ्ठीवर उत्तर होतं, खोड. गुण गेला. मुलगी उठली. "सर, कंद म्हणजेच खोड. वर जे दिसतं ते खोड नाही, ती पानांची वेटोळी आहेत. पिलं कंदालाच फुटतात. घड कापल्यावर वरचं तोडून टाकलं तरी पिलबाग येते ती त्याच्यामुळे." तिने हाताच्या तळव्यांवर तळवे गुंडाळून पानांची वेटोळी दाखवली. परीक्षक वनस्पतिशास्त्राचे होते. त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली, मुलीकडे पाहिलं आणि गुण दिला. पुस्तकातलं उत्तर आणि बापाच्या शेतातलं उत्तर एकच आहे, हे सिद्ध करून तिने तो मिळवला होता. वर्गाला मी केळीच्या कांदेबाग आणि मृगबाग यांतला फरक त्यानंतर विचारला, आणि घरी केळी नसलेल्या मुलांनीही आठवडाभरात तो कुठून तरी माहीत करून घेतला.

राजधान्या आणि चलनं मी काढून टाकलेली नाहीत. अट एवढीच की प्रश्न काढणाऱ्याने उत्तराच्या पुढची एक गोष्ट लिहून द्यायची, ती प्रश्न झाल्यावर वाचून दाखवतो. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन कोणत्या वर्षी मिळालं, तर २०१६. पुढची गोष्ट, त्याच वर्षी आपल्या भरताच्या वांग्यालाही मिळालं. खाण्याच्या केळीत बी का नसतं, तर तिच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात; पुढची गोष्ट, म्हणूनच एका जातीची सगळी झाडं एकसारखी आणि एक रोग आला की सगळी बाग धोक्यात, हरण्या रोगाने ते आम्हाला दाखवलंच आहे. वागाडुगूचा प्रश्नही दरवर्षी असतो.

यंदाच्या साखळीसाठी प्रश्न अजून कमी आहेत. शिरपूर, अमळनेर आणि यावलच्या काही शाळा येऊ म्हणतात, म्हणजे ते आणखी लागतील. अडावदजवळच्या उनपदेवचं पाणी गरम का, याचं नववीच्या मुलाला पेलेल असं नेमकं उत्तर मला लिहून हवं आहे. एसटीचे वाहक, जिनिंगमधले लोक, कृषी सहायक, वनरक्षक, निवृत्त शिक्षक, कोणीही प्रश्न काढून द्यावेत. मराठीत, एका ओळीत. उत्तर, त्याचा आधार आणि पुढची एक गोष्ट, तिन्ही सोबत लिहून. दिवाळीच्या सुट्टीआधी मिळाले तर बरं, कारण पहिला सामना सुट्टी संपताच पहिल्या शनिवारी आहे.